त्रिलोक गुर्टू : तबला, ड्रमसेट आणि जॅझ

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत झाला. ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका शोभा गुर्टू या त्यांच्या आई. तबला त्यांनी रीतसर तालीम घेऊन आत्मसात केला. पाश्चात्त्य ड्रमसेट मात्र त्यांना कोणी शिकवला नाही. तो त्यांनी रेकॉर्ड ऐकून, हात चालवून पाहत स्वतःच बसवला. पुढे युरोप-अमेरिकेतल्या पहिल्या फळीच्या जॅझ वादकांबरोबर त्यांनी जे वाजवले, ते या दोन्ही शिक्षणांच्या बळावर. त्यांच्याविषयी बोलताना बहुधा यातले एकच पुढे केले जाते. आपल्याकडे ते ‘शोभाताईंचे चिरंजीव’ म्हणून ओळखले जातात, तर परदेशात ‘स्वतः शिकलेला विलक्षण ड्रमर’ म्हणून. कारकीर्द नीट समजून घ्यायची तर दोन्ही धागे एकत्र धरावे लागतात.

आधी घराकडे पाहावे. शोभाताई माहेरच्या भानुमती शिरोडकर, जन्म बेळगावचा, १९२५ सालचा. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर या व्यावसायिक नर्तकी. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँ यांची तालीम मेनकाबाईंना मिळाली होती. भानुमतीबाईंचे शिक्षण कोल्हापुरात अल्लादियाखाँचे धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ यांच्याकडे सुरू झाले. विश्वनाथ गुर्टू यांच्याशी लग्न होऊन त्या शोभा गुर्टू झाल्या. सासरे नारायणनाथ गुर्टू बेळगावच्या पोलीस खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि उत्तम सतार वाजवीत. पुढे उस्ताद घम्मनखाँ मुंबईत या कुटुंबासोबत राहायला आले आणि ठुमरी-दादऱ्याची तालीम घरातच सुरू झाली. ‘पाकीजा’, ‘मैं तुलसी तेरे आंगन की’ अशा हिंदी चित्रपटांत आणि मराठीत ‘सामना’त शोभाताईंचा आवाज आहे. त्यांची खरी ओळख मात्र मैफिलीतली. १९८७ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २००२ साली पद्मभूषण. २७ सप्टेंबर २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ठुमरीच्या घरात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर तबल्याचे एक खास काम पडत असते. ठुमरीचा मुख्य भाग दीपचंदी किंवा जत अशा संथ, डुलत्या ठेक्यात चालतो. गायिका एकाच ओळीचे वेगवेगळे भाव उलगडत असते, आणि तबलजीने तेवढा वेळ स्वतःला आवरून ठेवायचे असते. शेवटाकडे ठेका बदलतो. केरव्यासारखा ताल द्रुत लयीत सुरू होतो, गायिका मुखडा धरून ठेवते आणि तबलजी लग्गी लावतो. त्या काही आवर्तनांत तबला मोकळा सुटतो, उसळतो, तिहाई घेऊन समेवर येतो आणि पुन्हा मूळच्या संथ ठेक्यात विरघळतो. कधी मागे राहायचे, कधी झेपावायचे आणि परत कसे यायचे, हे ज्याने लहानपणापासून ऐकले, त्याला जॅझमधली संगत परकी वाटण्याचे कारण नाही. जॅझमध्येही तालवादक बहुतेक वेळ दुसऱ्याच्या सुरावटीला आधार देत असतो, आणि त्याची पाळी आली की तेवढ्याच अवकाशात त्याला आपले म्हणणे मांडावे लागते. गुर्टूंच्या वादनात आवाजाचा एवढा मोठा पसारा असूनही गाणाऱ्याला धक्का लागत नाही. त्या गुणाचे मूळ या घरातल्या ठुमरीत शोधणे योग्य ठरेल.

तबल्याची तालीम लहानपणीच सुरू झाली. गुरू होते शाह अब्दुल करीम. तालीम तोंडाने आधी आणि हाताने नंतर, ही तबल्याची जुनी रीत. मावळातल्या श्रोत्यांना ती वेगळी सांगायला नको.  तिकडे भजनी मंडळे भरपूर आहेत आणि तिथे पखवाजावर बसणारा मुलगा आधी बोल म्हणायला शिकतो. बोल जिभेवर पक्के झाले की बोटे त्यांच्या मागून जातात. या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे : ताल वाद्यापासून सुटा होतो. जो बोल तोंडात आहे तो तबल्यावर वाजतो, तसाच पखवाजावर, घटावर किंवा पत्र्याच्या डब्यावरही वाजू शकतो. गुर्टू ड्रमसेटकडे वळले तेव्हा हातात काठ्या नव्या होत्या, समोरची वाद्ये नवी होती. डोक्यातली भाषा मात्र नवी नव्हती. भाऊ रवी यांच्यासोबत त्यांनी किशोरवयातच तालवाद्यांचा एक संच उभा केला होता.

मुंबईत त्या काळी पाश्चात्त्य संगीत दुर्मीळ नव्हते. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड अशा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचे वाद्यवृंद वाजत. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून गोव्याच्या वादकांची मोठी पिढी या शहरात रुजली. ट्रम्पेटवादक शिक चॉकलेट हे त्यातले गाजलेले नाव. हेच वादक दिवसा चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला बसत आणि रात्री हॉटेलांत जॅझ वाजवीत. १९५८ साली डेव्ह ब्रूबेक आणि १९६३ साली ड्यूक एलिंग्टन मुंबईत वाजवून गेले. १९६०च्या दशकात वाढणाऱ्या तरुणाच्या हाती मात्र मुख्यतः रेकॉर्डच येत असत. जिमी हेंड्रिक्स, जॉन कोल्ट्रेन हे लोक त्याला तबकडीवरूनच भेटत.

गुर्टूंच्या शिक्षणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट याच तबकड्यांशी जोडलेली आहे. पाश्चात्त्य स्टुडिओत तेव्हा अनेक पट्ट्यांवर वेगवेगळ्या वेळी ध्वनिमुद्रण करून ते एकत्र जोडण्याची पद्धत रूढ झाली होती. ड्रमरने एकदा मूळ ठेका वाजवायचा, मग त्यावर दुसऱ्या खेपेला काँगा, तिसऱ्या खेपेला घंटा किंवा झांज. ऐकणाऱ्याला हे सारे एकदम ऐकू येते. गुर्टूंना या जोडकामाची कल्पनाच नव्हती. रेकॉर्डवर जे ऐकू येते ते एकच माणूस वाजवतो आहे, असे धरून ते सारे भाग एकट्याने वाजवण्याचा प्रयत्न करीत राहिले. शिक्षक असता तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितले असते की हे एका माणसाचे काम नाही. तसे सांगणारे कोणी नव्हते, त्यामुळे ते एका माणसाचे काम झाले. एका हातात काठी, दुसरा हात थेट कातड्यावर, त्यातच घंटेचा एक टोला आणि वरून तोंडाने म्हटलेला बोल, ही त्यांची पुढची वादनरीत अशा सरावातून आली.

१९७०च्या दशकात ते युरोपात गेले आणि पुढे जर्मनीतल्या हँबुर्गमध्ये स्थायिक झाले. सुरुवातीच्या वर्षांत जर्मनीतला ‘एम्ब्रियो’ हा वाद्यवृंद, सॅक्सोफोनवादक चार्ली मरियानो आणि ट्रम्पेटवादक डॉन चेरी यांच्याबरोबर त्यांनी वाजवले. यांतल्या डॉन चेरी यांच्यापाशी जरा थांबले पाहिजे, कारण या कथेतले अनेक रस्ते त्यांच्यापाशी येऊन मिळतात. ते अमेरिकन. ऑर्नेट कोलमन यांच्या क्रांतिकारक संचातून पुढे आले आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये राहू लागले. जॅझ वादकाने जगातल्या कुठल्याही लोकसंगीताकडे विद्यार्थी म्हणून जावे, ही त्यांची धारणा होती. आफ्रिकी, अरबी, भारतीय वाद्ये ते स्वतः शिकत. त्यांच्या संगतीत आलेल्या तरुणांना ते हाच प्रश्न विचारीत : तुमच्या गावचे संगीत कुठे आहे?

हा प्रश्न ज्यांच्या मनाला लागला त्यांत नॉर्वेचे यान गार्बारेक होते. त्यांचा जन्म ४ मार्च १९४७चा, मीसेन या गावचा. वडील पोलंडचे, महायुद्धात कैदी म्हणून नॉर्वेत आणलेले. १९६१ साली या मुलाने रेडिओवर कोल्ट्रेन ऐकले आणि सॅक्सोफोनचा ध्यास घेतला. शिक्षक नव्हता. पुस्तकाच्या मदतीने बोटे बसवीत तो स्वतः शिकला आणि पुढच्याच वर्षी हौशी जॅझ वादकांची स्पर्धा जिंकला. नंतर डॉन चेरी यांच्यामुळे त्याचे लक्ष नॉर्वेच्या लोकसंगीताकडे गेले. डोंगरातल्या जुन्या कथागीतांचा सूर, गुरे हाकारताना घातलेली लांब साद, उत्तरेकडच्या सामी लोकांचे गाणे यांची छाया त्याच्या सॅक्सोफोनवर पडली. ‘रोझेन्सफोले’ या १९८९च्या अल्बममध्ये गार्बारेक यांनी लोकगायिका आग्नेस बुएन गार्नोस यांच्याबरोबर मध्ययुगीन कथागीतांवर काम केले. नॉर्वेचे गिटारवादक तेर्ये रिप्दाल हेही गार्बारेक यांच्याच वयाचे आणि गिटार स्वतः शिकलेले. नॉर्वेत जॅझच्या शाळा उभ्या राहण्याआधीची ही पिढी आहे. तिने वाद्य स्वतः शिकून घेतले आणि सूर मात्र आपल्या मुलखातून घेतला.

गुर्टूंची या पिढीशी गाठ लवकर पडली. मार्च १९७८मध्ये ऑस्लोच्या टॅलेंट स्टुडिओत बॅर फिलिप्स या अमेरिकन बेसवादकाच्या ‘थ्री डे मून’ या अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले. गिटारवर रिप्दाल, सिंथेसायझरवर ऑस्ट्रियाचे डीटर फाइख्टनर आणि तबला व इतर तालवाद्यांवर त्रिलोक गुर्टू. म्युनिचच्या ज्या ‘ईसीएम’ कंपनीने तो काढला ती मानफ्रेड आइशर यांनी १९६९ साली सुरू केलेली. तिच्या रेकॉर्डवर दोन स्वरांमधली शांतता जपलेली असते. तिथे तालवादकाने कमी वाजवणे अपेक्षित असते, आणि संगतीचा संस्कार असलेल्या वादकाला ते जमते. पुढे १९८५ साली ‘साँग फॉर एव्हरीवन’ हा एल. शंकर यांचा अल्बम याच कंपनीकडून आला. त्यात शंकर यांचे व्हायोलिन, गार्बारेक यांचा सॅक्सोफोन, झाकीर हुसेन यांचा तबला आणि गुर्टूंची तालवाद्ये एकत्र आहेत. झाकीरभाईंचा जन्म ९ मार्च १९५१चा, म्हणजे एकाच शहरात एकाच वर्षी जन्मलेले दोन तबलावादक एका नॉर्वेजियन वादकाच्या दोन बाजूंना बसलेले इथे ऐकू येतात. झाकीर यांचा तबला पंजाब घराण्याची पूर्ण ओळख घेऊन बोलतो. गुर्टू त्याच्याभोवती धातूचे, लाकडाचे, कातड्याचे नाद पेरत जातात.

८ नोव्हेंबर १९८४ रोजी पूर्व जर्मनीत माग्डेबुर्गजवळ बसच्या अपघातात कॉलिन वॉलकॉट यांचा मृत्यू झाला. ते ‘ओरेगॉन’ या अमेरिकन चौकडीचे आधारस्तंभ. सतार रविशंकर यांच्याकडे शिकलेले, तबला अल्लारखाँ यांच्याकडे. त्यांची जागा कोण घेणार हा अवघड प्रश्न होता. ती जागा गुर्टूंनी घेतली. ‘इकोटोपिया’ (१९८७), ‘फॉर्टीफिफ्थ पॅरलल’ (१९८९) आणि ‘ऑल्वेज, नेव्हर अँड फॉरएव्हर’ (१९९१) हे त्या काळातले अल्बम. भारतीय संगीत शिकलेल्या अमेरिकन माणसाच्या जागी जॅझ शिकलेला भारतीय माणूस आला, ही घटना त्या संगीताच्या इतिहासात लहान नाही.

त्याच सुमारास गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन यांनी गुर्टूंना आपल्या त्रिकुटात घेतले. मॅक्लॉक्लिन यांनी १९७०च्या दशकात ‘शक्ती’ या संचात झाकीर हुसेन, एल. शंकर आणि घटम्‌वादक विक्कू विनायकराम यांच्याबरोबर वाजवले होते, त्यामुळे तिहाई आणि बोल त्यांच्या परिचयाचे होते. नव्या त्रिकुटात एक गिटार, एक बेस आणि तालाचे सारे ओझे एकट्या गुर्टूंवर. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये बेसवादक काई एकहार्ट यांच्यासह झालेली मैफल अल्बम म्हणून प्रसिद्ध झाली. गुर्टूंची वादनरीत ऐकण्यासाठी तिच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

ही वादनरीत जवळून पाहण्यासारखी आहे. नेहमीच्या ड्रमसेटचा वादक स्टुलावर बसतो. उजव्या पायाने पेडल दाबून बेस ड्रम, डाव्या पायाने हाय-हॅटची जोडझांज, हातातल्या काठ्यांनी स्नेअर, टॉम आणि बाकीच्या झांजा. चार अवयवांत कामाची वाटणी झालेली असते. गुर्टू स्टूल वापरत नाहीत. जमिनीवर अर्धवट गुडघा टेकून ते बसतात, त्यामुळे सारा संच खाली येतो आणि तबला-डग्गा काठीच्या वाद्यांच्या शेजारीच, हाताच्या अंतरावर राहतो. पायाने वाजणारा बेस ड्रम या मांडणीतही राहतो. पण खर्जाचे आघात डग्ग्यावर हातानेही काढता येतात. म्हणून एकाच ओळीत डग्ग्याचा घुमारा, स्नेअरचा कडकडाट आणि झांजेची किनार एकामागून एक गुंफलेली ऐकू येते. तबल्याच्या रेल्यात बोटे जशी एकमेकांत मिसळतात, तसा हा सारा संच मिसळतो. ड्रमसेटवर तबला वाजवणे, असे याचे वर्णन कधी कधी केले जाते. ते थोडे घाईचे आहे. काठी कातड्यावर आपटून उसळते आणि बोट कातड्यावर दाबून थांबते. या दोन क्रियांतला फरक गुर्टू पुसत नाहीत, उलट त्या फरकाचाच उपयोग करतात.

बाजूला पाण्याची बादली असते. वाजवलेली झांज ते कंप पावत असतानाच पाण्यात बुडवतात आणि तिचा स्वर मिंडेसारखा खाली घसरतो. शिंपल्यांच्या, मण्यांच्या माळाही त्याच पाण्यात जातात आणि ओला, थरथरता नाद काढतात. झांजेचा स्वर उतरतो कारण धातूबरोबर त्याला चिकटलेल्या पाण्यालाही हलावे लागते. कंपणारे वजन वाढले की कंपनाची गती मंदावते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ती याच कारणासाठी : कणकेचे वजन पुडीवर चढले की तिचा आवाज खर्जात जातो. बादली मंचावर आली ती चमत्कार दाखवायला, असा काहींचा समज होतो. प्रत्यक्षात कातड्याच्या वाद्याला जी मिंड डग्ग्यावर तळहात सरकवून मिळते, ती धातूच्या वाद्यालाही मिळावी, यासाठीचा हा उपाय आहे.

१९८८ साली ‘उस्फ्रेत’ हा त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला. डॉन चेरी, ओरेगॉनचे राल्फ टाउनर, एल. शंकर, स्वीडनचे बेसवादक योनास हेलबोर्ग, फ्रेंच पियानोवादक डॅनियल गोयोन, आणि या सर्वांमध्ये शोभा गुर्टू यांचे गाणे. पहिल्याच रचनेचे नाव ‘शोभारॉक’. तेव्हा शोभाताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. परदेशी वाद्यांमध्ये भारतीय कंठ आला की बहुधा त्याचा एखादा आलाप तुकडा म्हणून चिकटवला जातो. इथे तसे झालेले नाही. गाणे आपल्या चालीने चालते आणि बेस, ड्रम, व्हायोलिन त्याच्या खालून वाट काढतात. मुलगा आईची संगतच करतो आहे, फक्त वाद्ये वाढली आहेत. लंडनमधल्या तलविन सिंग, नितीन साहनी यांच्यासारख्या पुढच्या पिढीच्या संगीतकारांवर या अल्बमचा प्रभाव पडला. गुर्टूंच्या साऱ्या कामात आधी ऐकावा असा अल्बम हाच.

त्यामागून आलेल्या ‘लिव्हिंग मॅजिक’ (१९९१) मध्ये गार्बारेक आणि ब्राझीलचे तालवादक नाना वास्कोन्सेलोस आहेत. ‘क्रेझी सेंट्स’ (१९९३) मध्ये जो झाविनुल आणि पॅट मेथेनी. अमेरिकेच्या ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी १९९०च्या दशकात आणि त्यानंतरही अनेकदा त्यांना सर्वोत्तम तालवादक म्हणून निवडले. २०००च्या सुमारास झाकीर हुसेन, बिल लासवेल, तलविन सिंग आणि कर्ष काळे यांच्याबरोबर ‘तबला बीट सायन्स’ या उपक्रमातही ते होते. हे काम तांत्रिकदृष्ट्या चमकदार आहे, पण गुर्टूंचा स्वतःचा आवाज त्यात कमी सापडतो.

त्यांची पुढची खरी वाटचाल आफ्रिकेकडे झाली. ‘आफ्रिकन फँटसी’ (२०००) मध्ये बेनिनच्या अँजेलिक किडजो आणि मालीच्या ऊमू संगारे गायल्या आहेत. ‘फराकाला’ (२००६) साठी त्यांनी मालीतल्या पारंपरिक वादकांबरोबर काम केले. पश्चिम आफ्रिकेतही वादनाची विद्या घराण्यांतून, तोंडाने आणि कानाने पुढे जाते. गुर्टूंना तिथे शिरायला मध्यस्थ लागला नाही. तिथल्या अनेक तालांत बाराचे आवर्तन एका वेळी तीन-तीनचे आणि चार-चारचे ऐकू येते. एकतालाच्या बारा मात्रा वेगवेगळ्या तऱ्हेने तोडून पाहिलेल्या तबलजीचा हात त्या हिशेबाला सरावलेला असतो. २००२चा ‘रिमेम्बरन्स’ पुन्हा मुंबईकडे वळलेला आहे. त्यात शोभाताई, शंकर महादेवन, झाकीर हुसेन आणि बासरीवादक रोणू मजुमदार आहेत. शोभाताई दोन वर्षांनी गेल्या.

उत्तरार्धात इटलीच्या ‘आर्के’ या तंतुवाद्य-चौकडीबरोबर त्यांनी ‘ब्रोकन ऱ्हिदम्स’ (२००४) आणि ‘आर्किऑलॉजी’ (२००६) हे अल्बम केले. ‘स्पेलबाउंड’ (२०१३) ट्रम्पेटवादकांना घेऊन केलेला. नॉर्वेचे निल्स पेटर मोल्वेर, लेबनॉनमध्ये जन्मलेले इब्राहिम मालूफ आणि सार्डिनियाचे पाओलो फ्रेझू हे तिघे त्यात आहेत. ‘गॉड इज अ ड्रमर’ २०१९ साली आला.

गार्बारेक यांच्याशी १९८०च्या दशकात जुळलेले नाते या काळात स्थिर झाले. २०१०च्या दशकात गुर्टू ‘यान गार्बारेक ग्रुप’मध्ये वाजवू लागले. पियानोवर जर्मनीचे रायनर ब्र्यूनिंगहाउस, बेसवर ब्राझीलचे युरी डॅनियल. मैफिली वर्षानुवर्षे युरोपभर होत राहिल्या. या संचात गार्बारेक लांब, जवळजवळ न हलणारा सूर धरतात. त्याखाली गुर्टू ठेका क्वचितच सरळ ठेवतात, तरी सम कधी हरवत नाही. मध्येच बाकीचे वादक थांबतात आणि गुर्टू एकटे उरतात : तबला, तोंडाने बोल, पाण्यात उतरणारी झांज, आणि तिहाईच्या शेवटच्या ‘धा’वर चौघे पुन्हा एकत्र येतात.